मागावर काढलेला ईसीजी

“चढा. उतरा. वळा. परत चढा.”

नरसय्या चढत होते, उतरत होते आणि वर मलाच विचारत होते, “बाई, उभं राहून तुमाला कंटाळा आला न्हाय का?” धाप नाही, घाम नाही. छातीत कळ तर नाहीच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आज पेशंटला पळवतात, लगेच इको करतात आणि हृदयाची भिंत कुठे नीट हलत नाही ते पडद्यावर बघतात. तेव्हा आमच्या सोलापूरच्या दवाखान्यात पडदा होता तो फक्त खिडकीला. स्ट्रेस टेस्ट म्हणजे सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडी पायऱ्या. तत्त्व मात्र तेच. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली, तरी माणूस स्वस्थ पडलेला असताना भागून जातं. कष्ट पडले की रक्त अपुरं पडतं आणि ईसीजीत ठोक्यानंतरची सरळ रेघ खाली झुकते. म्हणून आधी दमवायचं आणि लगेच आडवं करून ईसीजी काढायचा.

नरसय्यांची रेघ काही झुकली नाही.

“नॉर्मल,” आमचे सर म्हणाले. “गॅसचं औषध द्या आणि सोडा.”

“सर, पण ते कळ सांगतात ती हृदयाचीच वाटते.”

“कळ काय, सगळेच सांगतात, डॉक्टर.”

बाहेर बाकावर नरसय्यांची बायको सत्तम्मा आणि थोरला भाऊ व्यंकय्या बसले होते. घर पिढीजात विणकरांचं. आजूबाजूला सगळीकडे यंत्रमाग आले, तरी हे दोघे भाऊ अजून हातमागावर लुगडी विणत होते. टेस्ट नॉर्मल म्हटल्यावर व्यंकय्या मांडीवर थाप मारूनच उठले.

“मी म्हणलो होतो की! देवळापातुर चालत जातंय, तळ्याला चक्कर मारतंय, तवा काय दुखत न्हाय. मागावर बसलं की दुखतंय! असलं कुटलं दुखणं असतंय, बाई? कामचोर हाय, दुसरं काय!”

नरसय्या खाली मान घालून चपला शोधू लागले. पंचेचाळिशीचा बाप्या, पण भावापुढे शब्द नाही. सत्तम्मा माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “बाई, थोरल्यांनी कामचोर म्हणू ने म्हणून हे आता कळ आली तरी उठत न्हाईत. दात आवळून विणत बसतात. मला लई भ्या वाटतंय.”

दुखणं खरं असेल, तर हा माणूस एक दिवस लाजेपायी मागावरच संपणार होता.

मी व्यंकय्यांवर जाम चिडले होते. पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. असलं कुठलं दुखणं असतं? मी नरसय्यांना परत आत बोलावलं आणि माग कसा चालवता ते हवेत करून दाखवायला लावलं. उजव्या हाताने दोरी ओढायची, की आडवा धागा नेणारा धोटा पळतो. डाव्या हाताने फणी ओढून धागा ठोकायचा. परत दोरी, परत फणी, दिवसभर. खाली पाय पावड्या दाबतातच. हातांच्या कष्टाचा ताण हृदयावर पायांच्या कष्टापेक्षा जास्त पडतो. आणि आम्ही तपासले होते पावड्या मारून मारून तयार झालेले पाय! त्यातून टेस्ट म्हणून नरसय्या देवाला जावं तसे अंघोळ करून, उपाशीपोटी आलेले. घरी मागावर बसायचे ते भाकरी खाऊन, आणि जेवणानंतर तर हृदयावरचा भार आणखी वाढतो.

“मशीन घेऊन त्याच्या घरी जाणार?” सर म्हणाले. “आणि काही झालं तर?”

“ते रोजच होतंय, सर. फक्त आपण तिथे नसतो.”

सरांनी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. “ऑक्सिजन न्या, इंजेक्शनं न्या. आणि पहिली कळ आली की थांबवा.”

नाहीतर काय, मी लुगडं पुरं करून घेणार होते?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर टांग्यातून, मांडीवर मशीन घेऊन पोचले. बल्बच्या होल्डरमधून वीज घेतली आणि आधी बसल्याजागी एक पट्टी काढली. रेघ कसली, केसाळ सुरवंटच! दोन्ही बाजूंच्या घरांत यंत्रमाग धडधडत होते, त्यांची वीज माझ्या मशीनमध्ये घुसत होती.

“व्यंकय्या, शेजारचे माग थोडा वेळ बंद करायला सांगा.”

“चालू माग बंद? लोक मला येडा म्हणतील की!”

“म्हणू देत. भावाला एवढं म्हणता, थोडं तुम्हीही ऐकून घ्या.”

पुटपुटत गेले. पण गेले. एकेक माग थांबत गेला आणि बोळ अगदी शांत झाला. दारात बघ्यांची गर्दी जमली. आता रेघ स्वच्छ आली, आणि सरळ.

नरसय्या विणायला बसले. दोरी, फणी, दोरी, फणी. थोड्या वेळाने कपाळावर घाम आला. हात थबकला, मूठ छातीवर गेली. त्यांनी माझ्याकडे नाही, आधी भावाकडे बघितलं.

“काय न्हाय,” म्हणाले आणि परत दोरी धरली.

“सोडा ती दोरी!” मी अशी ओरडले की दारातली माणसं मागे सरकली.

आडवं केलं, पट्टी सुरू केली. प्रत्येक ठोक्यानंतर रेघ खाली बसत होती. जिभेखाली गोळी ठेवली. कळ ओसरली, तशी रेघही हळूहळू वर आली. मी दोन्ही पट्ट्या व्यंकय्यांसमोर धरल्या. “ही कामाआधीची. ही कामानंतरची. असं नाटक कुणाला करता येत नाही.”

त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग दारात गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, “चालू करा माग. माझ्या भावाला खरंच दुखतंय.”

सत्तम्मा पदर तोंडाला लावून रडली.

गोळ्या सुरू झाल्या, तंबाखू सुटली. जेवणानंतर विश्रांती आणि तेवढा वेळ नरसय्यांचा माग व्यंकय्या चालवणार, असं ठरलं. नरसय्या पुढे कितीतरी वर्षं जगले, नातवंडं खेळवली.

काही महिन्यांनी व्यंकय्या एकटेच ओपीडीत आले. मला वाटलं, भावाच्या गोळ्या न्यायला. पण ते स्टूलवर बसले आणि शर्टाची बटणं काढू लागले.

“मलाबी दुखतंय, बाई. लई दिवसांपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला सांगू? घरात कामचोर कोण, ते मीच ठरवत होतो की.”

त्यांचीही रेघ झुकली. पण दुखणं वेळेत कळलं.

छातीत दुखतं म्हणून कुणी आलं, की त्यानंतर मी स्टेथोस्कोप लावायच्या आधी एकच विचारत असे, “घरात तुम्हाला कामचोर म्हणतात का?” पेशंट हसायचा. सोबत आलेला माणूस मात्र हसायचा नाही. मग मी त्यालाही म्हणायचे, “तुम्हीही बसा, तुमचाही ईसीजी काढू.”