विहिरीवर भरलेली सभा

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या नगरपालिकेने एक समिती नेमली. पाणी, नाल्या, रस्ते, सार्वजनिक जागा यांच्या बाबतीत कोणाला जातीमुळे मागे ठेवलं जात असेल तर त्याची तक्रार ऐकायची, आणि ती उघड सभेत ऐकायची, हे तिचं काम. कागदावरचं नाव लांबलचक होतं. लोक तिला समता समिती म्हणायचे. समितीत एक बाई हवी होती आणि एक बौद्ध सदस्य हवा होता. मी दोन्ही होते. शिवाय पालिकेच्याच मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणजे बोलावलं की येणारच. एका माणसात दोन जागा भरल्या म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं असावं.

माझे वडील रेल्वेत होते, लहानपण अनसिंगला गेलं. नोकरी लागल्यावर मी या गावी आले आणि बौद्ध वस्तीत एक खोली घेऊन राहू लागले. सभा मला नव्या नव्हत्या. विहारासमोरच्या सभांना मी पोरवयापासून जात होते. पण तिथे बोलणारेही आमचेच आणि ऐकणारेही आमचेच. ही सभा निराळी होती.

समितीत माझ्याखेरीज तिघे. अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना अख्खं गाव गुरुजी म्हणायचं. दुसरे एक वकीलसाहेब, कायद्याचे पक्के आणि वेळेचे त्याहून पक्के. तिसरे हकीमसाहेब. मशिदीजवळ त्यांचा दवाखाना होता आणि गावातल्या प्रत्येक घरातलं दुखणं त्यांना माहीत होतं.

पहिली सभा सोमवारी सकाळी अकराला, पालिकेच्या सभागृहात. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाण्याचा तांब्या, समोर खुर्च्यांच्या रांगा. पंखा फिरत होता आणि रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होता. गुरुजींनी शिपायाला दोनदा विचारलं, "कोणी आलं का रे?"

"कोनी नाई साहेब."

आम्ही चहा घेतला आणि उठलो. पुढच्या सभेलाही तसंच झालं. वकीलसाहेब म्हणाले, "तक्रार नाही याचा अर्थ गाव चांगलं आहे. तसं वर कळवून टाकू."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या मामीला विचारलं. मामी नात्यातली नव्हती. वस्तीत सगळेच तिला मामी म्हणायचे. पन्नाशीची, काटक, नवरा वारलेला, घरात मुलगा आणि सून. भल्या सकाळी ती पलीकडच्या गल्लीतल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा गोठा साफ करायची आणि तिथून सरकारी कामावर गिट्टी फोडायला जायची. मी म्हटलं, "मामी, सभेले काहून येत नाई कोनी?"

ती चुलीपुढे बसून हसली. "अकरा वाजता? अकरा वाजता आमी गिट्टी फोडून राह्यलो राह्यतो, बाई. सायबाच्या सभेसाठी रोज बुडवाव का?"

पुढच्या बैठकीत मी हे जसंच्या तसं सांगितलं. वकीलसाहेबांना संध्याकाळची वेळ पसंत नव्हती, कचेरीचे दिवे, शिपायाचा जादा वेळ असं ते बोलत राहिले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सभा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवली. त्या दिवशी गिट्टीच्या कामाला सुट्टी असायची. दवंडीवाल्याला त्यांनी स्वतः सांगितलं, "माझ्या घराकडून सुरुवात करू नको. नालीच्या पलीकडून, बौद्ध वस्तीपासून कर."

या वेळी लोक आले. पण आत कोणी येईना. व्हरांड्यात आणि पायऱ्यांवर माणसं बसली, बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन. आत आम्ही चौघं आणि त्या रिकाम्या खुर्च्या. गुरुजी दारात जाऊन म्हणाले, "आत या ना. जागा आहे."

"अठीच बरं हाये गुरुजी. हवा हाये."

गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग धोतर सावरून ते बाहेर गेले आणि वरच्या पायरीवर बसले. हकीमसाहेब गेले, मीही गेले. वकीलसाहेब हिरव्या कापडासमोर एकटेच राहिले. शेवटी आपली खुर्ची स्वतःच उचलून ते बाहेर आले आणि दाराशी मांडून बसले. लोक हसले, तेही थोडं हसले. त्यानंतर समितीची एकही सभा आत झाली नाही.

पण बाहेर बसल्याने सगळं जमलं असं नाही. बोलणारे तेच ते चार पुरुष. एक म्हातारे गृहस्थ होते, ते ज्वारीच्या भावापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत प्रत्येक विषयावर उभे राहायचे. बाया मागे बसून ऐकायच्या आणि सभा संपली की घरी जाताना रस्त्यात खरं काय ते बोलायच्या. गुरुजींनी मग एक रीत घातली. एकदा बोललेल्याने इतरांचं होईपर्यंत थांबायचं. आणि "आणखी कोणी?" असं विचारल्यावर ते लगेच पुढे जायचे नाहीत. चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे. तेवढा वेळ कोणी काही बोलायचं नाही. वकीलसाहेबांना ती शांतता सोसवायची नाही, ते खुर्चीत चुळबुळ करायचे. मला मात्र वर्गात नेहमी हाच अनुभव येत असे. लाजरी मुलगी उत्तर देते ते बाई गप्प राहिल्यावरच.

अशाच एका शांततेत मामी उभी राहिली.

"मी बोलतो," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण हातातला पदर तिने घट्ट पिळून धरला होता. "आमच्या वस्तीतली हीर आटली. टँकर कधी येते, कधी नाई येत. पलीकडच्या गल्लीत पालिकेची हीर हाये, तिले पानी हाये. पन आमाले तठी बादली सोडू देत नाईत. घागर खाली ठेवून दूर बसाव लागते. कोनाच्या मनात आलं तं वरून वततात. नाई आलं तं आमी बसून राह्यतो."

वकीलसाहेबांनी लेखणी उघडली. "कोण अडवतं? नाव सांगा."

"नाव नाई सांगत."

"बाई, नावाशिवाय तक्रार घेता येत नाही. कोणाविरुद्ध घ्यायची?"

"साहेब, तुमी आता घरी जासान. मले सकाळी त्याच्याच दारात उभं राहाव लागते."

व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस सायकलला टेकून उभा होता. त्याचा गोठा मामी साफ करायची, आणि विहीर त्याच्या दारासमोरच होती. तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिकडे कोणी पाहत नव्हतं. वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही त्याच वस्तीत राहता. तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण नाव सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं." मी पालिकेची नोकर होते आणि सायकलवाल्या माणसाचा चुलतभाऊ पालिकेत निवडून आलेला होता.

वकीलसाहेब म्हणाले, "मग मी काय करू? नियम मी केलेला नाही." ते चिडून बोलत नव्हते, खरोखरच अडले होते.

तेव्हा हकीमसाहेब प्रथमच बोलले. "वकीलसाब, नाम का क्या करना है? कुआं तो कहीं भाग के नहीं जाता. चलो, सब जाके देख लेते."

गुरुजींनी वकीलसाहेबांना विचारलं, "सभा कुठे भरवायची, हे नियमात आहे का?"

वकीलसाहेबांनी जरा विचार केला. "नाही. जागा दिलेली नाही." मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे कुठेही भरवता येते."

"तर सभा संपलेली नाही," गुरुजी मोठ्याने म्हणाले, टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "उद्या सकाळी विहिरीवर पुढे चालू. सगळ्यांनी यावं."

सायकलवाला माणूस निघून गेला.

सकाळी उजाडता उजाडता मी मामीच्या दारी गेले. सून आतून तिला म्हणत होती, "कायले जाता आत्याबाई? काम जाईन हातचं." मामीने आटलेल्या विहिरीवरचा आमचा दोर गुंडाळून खांद्यावर टाकला होता.

मला पाहून ती म्हणाली, "मले वाटलं तू येत नाईस. तुलेबी नोकरी हाये."

"येतो ना," मी म्हटलं, आणि तिची बादली हातात घेतली.

विहिरीजवळ कडुनिंबाखाली शिपायाने सतरंजी अंथरली होती. आम्ही बसलो. वकीलसाहेब कोट घालून आले होते आणि आज सतरंजीवरच बसले. आमच्या वस्तीतली माणसं नालीपाशीच, आपल्या बाजूला थांबली. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आल्या आणि आम्हाला पाहून जागच्या जागी उभ्या राहिल्या. तो शेतकरी आपल्या ओट्यावर दात घाशीत बसला होता.

गुरुजी म्हणाले, "सभा सुरू झाली. ही विहीर पालिकेची आहे, म्हणजे सगळ्या गावाची. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. ज्याला पाणी पाहिजे त्यानं भरावं."

कोणी बोललं नाही, कोणी भरलं नाही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. निंबावर कावळे ओरडत होते.

मामी पुढे गेली. तिने बादलीला दोर बांधला, चाकावरून टाकला आणि सोडला. पाणी फार खोल गेलेलं होतं, बादली बराच वेळ जातच राहिली. मग खाली तिचा आवाज झाला. ओढताना मामीने एकदा थांबून दोर हाताला गुंडाळून घेतला. मी उठणार होते, पण उठले नाही. तिने बादली काठावर घेतली, घागर भरली, सतरंजीच्या कडेला आणून ठेवली आणि वकीलसाहेबांसमोर बसली.

"आता लिवा नाव," ती म्हणाली. "माहं लिवा." आणि तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं, नवऱ्याचं, गावाचं सगळं. वकीलसाहेबांनी ते लिहिलं आणि अक्षरं बरोबर आहेत का म्हणून तिला परत वाचून दाखवलं.

ओट्यावरचा माणूस चूळ भरून पुढे आला. "भरा पानी. आमी नाई म्हनत नाई. पन मंग आमच्या बाया अठी भरनार नाईत, सांगून ठेवतो."

"ती तुमची मर्जी," गुरुजी म्हणाले. "न भरण्याला आमची हरकत नाही. अडवण्याला आहे."

तेवढ्यात गल्लीतल्या बायांमधून एक पुढे आली. तिला मी ओळखत नव्हते. कडेवर लेकरू, डोक्यावर रिकामी घागर. "मी बोलू का?" तिने विचारलं. गुरुजींनी मान हलवली. "माह्या घरी दोन म्हशी तहानल्या हायेत. मले कोनी भरलं, कोनी नाई भरलं, त्याच्याशी घेनंदेनं नाई. तुमची सभा होऊ द्या, मले वाट द्या." तिने लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि चाकाकडे गेली. दोर तिने मामीचाच वापरला. आपला घरी राहिला होता.

तिच्यामागून दुसरी गेली. काही जणी परत फिरल्या. त्यांतल्या दोन-तीन घरांनी पाऊस लागेपर्यंत दुसरीकडून पाणी आणलं, पण विहिरीवर उभं राहून कोणी कोणाला अडवलं नाही. आमच्या वस्तीतल्या बाया त्या दिवसापासून आपल्या हाताने पाणी भरू लागल्या.

मामीचं गोठ्याचं काम मात्र त्याच आठवड्यात गेलं. पुढच्या सभेत ती न विचारता उभी राहिली आणि म्हणाली, "गोठा सुटला माहा." तक्रार म्हणून नव्हे, बातमी सांगावी तशी. वकीलसाहेब हळूच म्हणाले, कामावर कोणाला ठेवायचं याची सक्ती कायद्याने करता येत नाही. गुरुजींनी चष्मा पुसला, पण या वेळी त्या शांततेतून काही निघालं नाही. हकीमसाहेबांनी दवाखान्यात झाडायचं काम देऊ केलं. मामीने हात जोडले. "तुमच्यापाशी बाई हाये साहेब. तिचं कायले काढता?"

तो उन्हाळा तिने गिट्टीवर काढला. पाऊस झाल्यावर निंदणाला कामरगावकडे बहिणीपाशी गेली आणि दिवाळीच्या सुमारास परतली. आल्यावर सभांना येऊ लागली. एकदा एका तरुण सुनेला सभेच्या आधी समजावताना मी तिला ऐकलं, "हात वर नाई कराव लागत. नुसतं उभं राह्य. गुरुजी थांबतात."

समिती आणखी काही वर्षं चालली. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत सभा पुढे ढकलली जायची, कारण अर्धं गाव तिकडे गेलेलं असायचं. एरवी ती चुकली नाही. सगळ्या सभा अशा नव्हत्या. बहुतेक सभांत तुंबलेल्या नाल्या आणि विझलेले दिवे हेच विषय असायचे, आणि अर्ध्या तक्रारींचं पुढे काही होत नसे. मग गुरुजी थकले, नवी पालिका आली आणि समिती पुन्हा नेमायची राहून गेली. तोवर माझं लग्न झालं होतं.

आमच्या वस्तीतली विहीर त्या पहिल्याच चांगल्या पावसात भरली होती. आता पलीकडे कायले जायचं, असं काही जण म्हणू लागले. मामी रोजचं पाणी आमच्याच विहिरीचं भरायची. पण पाहुणे आले, की घागर घेऊन नाली ओलांडायची. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्या पान्यात दाळ लवकर शिजते, बाई."