रिलेशनचा रकाना

मी दुबईपलीकडच्या रास अल खैमात एका मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर बसते. काचेपलीकडच्या माणसाला विचारायचं, पैसे कुणाला आणि कशासाठी. किसन पाडावे गेली नऊ वर्षं दोन्हींचं उत्तर एका दमात देतो. "वाइफ, फॅमिली मेंटेनन्स." गाव मंडणगडकडचं, काम टाइल्सच्या फॅक्टरीत भट्टीवर. पगार झाला की माझ्याच रांगेत येतो, कारण इथे मराठीत बोलता येतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको कावेरी भावाकडे निघून गेली. भांडण नाही, मारझोड नाही. "लग्नाला अकरा वर्षं झाली, संसार अकरा महिने झाला. आता पुरे," एवढंच ती फोनवर म्हणाली. किसन पैसे पाठवतच राहिला. फॉर्मवरच्या रिलेशनच्या रकान्यातही वाइफच. मी एकदा म्हटलं, "किसनभाऊ, आता वेगळे झालात ना?"

"झालो मॅडम. पण मग दुसरं काय लिवणार?"

मला चीड आली. त्याची, तिची, की त्या रकान्याची, ते काही कळलं नाही.

आणि घोडं अडलं ते नेमकं याच पैशांवर. कावेरीने सरकारच्या निराधार योजनेच्या पेन्शनसाठी अर्ज केला. तलाठ्याने पासबुक पाहिलं आणि विचारलं, दर महिन्याला नवऱ्याचे पैसे येतात, मग बाई निराधार कशी? अर्ज परत आला. तिने किसनला निरोप दिला: पैसे बंद करा आणि मला टाकलंय असं लिहून द्या.

तो कागद लिहून घ्यायला किसन माझ्याकडे आला.

"मॅडम, गेली ती. मी टाकली असं कसं लिवू?"

त्याने फोनवर अर्जाचा फोटो दाखवला. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली. घटस्फोट कोर्टात झालेला नव्हता, आणि आपणहून निघून गेलेल्या बाईसाठी चौकोनच नव्हता.

"आणि मिळणार किती?"

"महिन्याला दीड हजार. म्हणजे साठेक दिरहॅम. मी आठशे पाठवतो, एकोणीस हजारांच्या वर जातात. माझं तर डोकंच चालत नाय."

माझंही चालेना. तरी मी तावातावाने त्याला तिथल्या तिथे व्हॉइस मेसेज करायला लावला, की एवढे सोडून तेवढे कशाला? पाच मिनिटांत उत्तर आलं. आवाज शांत होता. "तुमचे पैसे तुमच्या मनावर. उद्या दुसरी केलीत की बंद. ते दीड हजार माझ्या नावावर येतील. मला माझ्या नावाचं कायतरी पायजे."

माझा ताव उतरला. बाईचं चुकत नव्हतं. किसनचंही नाही. पण कागद तर धडधडीत खोटा, आणि तो खोटा लिहिल्याशिवाय तिचं खरं कुणी ऐकणार नव्हतं. हे बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. मी लिहिलं, 'मी माझ्या पत्नीस टाकले असून तिला काहीही पाठवत नाही.' किसनने तीनदा वाचलं. मग सही केली.

पुढच्या पगाराला तो येणार नाही असं मी धरून चालले होते. तो आला.

"आठशेच. पण तिच्या भावाच्या खात्यावर. धनंजय नाव."

"अहो, तिने बंद करायला सांगितलंय ना?"

"बंद केले तर मॅडम, मी हितं भट्टीपाशी कशाला उभा राहू?"

मी खात्याचा नंबर भरला, नाव भरलं आणि सवयीने विचारलं, "रिलेशन?"

मागून कुणीतरी "यल्ला, भाई" म्हणून घाई केली. किसनने काचेवर हात टेकला आणि मला विचारलं, "बायको टाकली असं लिवून दिल्यावर तिचा भाऊ माझा कोण लागतो, मॅडम?"

स्क्रीनवर सगळ्या नात्यांची यादी होती. मी ती वरखाली करत बसले.