फोटोत पुढे धावणारा माझा भाऊ

माझा थोरला भाऊ, वय त्र्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, बहरीनला जायचं म्हणून हटून बसला. कारण एक फोटो. त्याची मुलगी नीता मनाम्यात अकाउंटंट आहे. तिथल्या एका हॉटेलात एका बड्या कोरियन बांधकाम कंपनीने स्वतःच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवलं होतं, आणि तिथल्या एका जुन्या फोटोत नीताला आपले वडील दिसले. तरुण, हेल्मेट तिरकं, सगळ्यांच्या पुढे धावताना. खाली ओळ होती: ‘कामाच्या ओढीने साइटकडे धावणारे आमचे कामगार.’

दादा कामाकडे धावत नव्हता. कामापासून पळत होता. त्याबद्दलच त्याला पन्नास वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, गेटवर पासपोर्ट देऊन घरी पाठवलं होतं. मुकादमाने कारण सांगितलं, “संपाला चिथावणी.” तेव्हापासून रत्नागिरीत तो ‘संपवाला’ आहे. त्या नावापायी त्याचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं.

“आता त्यांनी एक काय ते लिहून द्यावं,” दादा म्हणाला. “मी संप केला की कामाला धावलो?”

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. स्वतःची जाहिरात करायला ती समर्थ आहे.

जाणाऱ्यांसाठी माहिती. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. मुंबईहून थेट विमान आहे, चार तासही लागत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा. जुलैत जायचंच असेल तर आधी कोणावर रागावला आहात ते तपासून पाहा. नीता जनाबियात राहते. तिथे एका व्हिलाची भिंत संपली की दुसऱ्या व्हिलाची सुरू होते. पायी चालणारा माणूस दिसला तर तो बहुधा रस्ता चुकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी बसने मनाम्याच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, गेलो. भाडं तीनशे फिल्स, बस वेळेवर, आत थंडगार. टॅक्सी केलीत तर बसण्याआधी मीटर सुरू करायला सांगा, नंतर सगळ्यांनाच विसर पडतो. एका गल्लीत सुतार-गवंड्यांच्या हत्यारांचं दुकान होतं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवून दादाकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

“अरे बाल्या! मना वाटला तू खलास झालास!”

हा हुसेन, राजापूरकडचा, त्या वेळी दादाच्याच टोळीत होता. वेलची घातलेला दाट चहा आला, आणि मग मी आयुष्यभर ऐकलेली गोष्ट पहिल्यांदाच साक्षीदारासह ऐकली. मीना सलमान बंदराजवळ धक्क्याचं काँक्रीट चाललं होतं. टोळी बहुतेक हुसेनच्या नात्यातली. त्यांच्या बोलीत ळ नाही. ‘पळा’ला ती मंडळी ‘पला’ म्हणतात. कोरियन फोरमन हात हलवत ओरडत आला, “पल्ली! पल्ली!” दादाला वाटलं, डोक्यावरची क्रेन तुटली आणि हुसेनचाच कोणी चुलता ओरडतोय.

“ह्यो बोंबलला, पला रे!” हुसेन दादाकडे बोट दाखवून म्हणाला. “आमी काय इचारतो? पललो!”

फोरमन ‘पल्ली, पल्ली’ करत त्यांच्या मागे लागला. तो जितका ओरडला तितके हे जोरात पळाले. इकडे काँक्रीट जागच्या जागी घट्ट झालं. कंपनीचा फोटोग्राफर नेमका त्याच दिवशी आला होता.

प्रदर्शनाला प्रवेश फुकट होता, आणि योग्यच होता. पहिल्या भिंतीवर संस्थापक पत्र्याच्या शेडसमोर उभे. मोठ्या कंपन्यांचे संस्थापक पत्र्याच्या शेडशिवाय कुठे जन्मत नाहीत. पुढे युद्धानंतरचे पूल, मग वाळवंटातले रस्ते, मग आखातातली बंदरं, शेवटी काचेचे मनोरे. पहिल्या फोटोंत माणसं मावत नव्हती, शेवटच्या फोटोंत एकही माणूस नव्हता. इतिहास पुढे सरकतो तसा स्वच्छ होत जातो, एवढं मला तिथे कळलं.

दादा आपल्या फोटोसमोर थांबला. तिथली अधिकारी, मिस पार्क, तिशीतली मुलगी, लगबगीने आली. मी इंग्रजीत सगळं सांगितलं.

“पल्ली पल्ली म्हणजे लवकर लवकर,” ती म्हणाली.

“ते मला पन्नास वर्षं उशिरा समजतंय,” दादा म्हणाला. हे मी भाषांतर करून सांगितलं.

ती हसली, मग तोंडावर हात ठेवून पुन्हा हसली, मग कंबरेत वाकून तिने माफी मागितली. दादाचं पूर्ण नाव नीट लिहून घेतलं. “ही ओळ बदलायला सोलच्या मुख्य कार्यालयाची परवानगी लागेल.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“कामाचे साठ दिवस.”

“पल्ली पल्ली,” दादा म्हणाला. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

परतीच्या विमानात तो खिडकीशी बसून खूश होता. मी नव्हते. कार्यालयं मी बरीच पाहिली आहेत.

उत्तर चौथ्या महिन्यात आलं. फोटो प्रदर्शनातून काढून टाकण्यात आला आहे. गैरसमजाचा उल्लेख नाही, संपाचा नाही, माफीचा तर नाहीच. शेवटी एक वाक्य: ‘या नावाचा कोणताही कर्मचारी आमच्या नोंदींत आढळत नाही.’

मी दोन पानी उत्तर लिहायला घेतलं. दादाने ते वाक्य मला पुन्हा मराठीत सांगायला लावलं.

“आढळत नाही ना? मग काढलं कोणाला?”

त्याने त्या ईमेलच्या दहा प्रती काढून आणल्या. एक वाचनालयात दिली, एक न्हाव्याच्या दुकानात, आणि एक, रिक्षा करून, लग्न मोडलेल्या त्या दोघींपैकी एकीच्या भावाकडे. “वाचा,” तो प्रत्येकाला सांगत होता, “मोठ्या कंपनीचं लेखी आहे. मला कधी काढलंच नव्हतं.”

माणसं वाचत होती, मान डोलवत होती. त्या कागदाप्रमाणे तो तिथे कधी गेलाही नव्हता, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी माझी दोन पानं फाडली.