कढण कोणी प्यायचं?

“मी काय बाळंतीण आहो काय?” असं म्हणून वामनकाकांनी वाटी परत सरकवली. वॉर्डातले बाकीचे पेशंट खुदूखुदू हसले. माझा चेहरा उतरला.

मी जळगाव जामोदच्या एका दवाखान्यात डाएटिशियन आहे. पेशंटनं काय खायचं, ते मी ठरवते. काकांचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. आता दोन दिवस लिक्विड डाएट, म्हणजे नुसतं पातळ. ते पोटात टिकलं की सलाइन काढायचं, मग सुट्टी. रविवारी त्यांच्या घरी नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आणि आज गुरुवार.

खरं तर चूक माझीच. पूर्वी चार्टवर ‘सूप’ छापलेलं असायचं. नातेवाईक हॉटेलातून लालभडक, तिखट सूप घेऊन यायचे. वैतागून मीच ते खोडलं आणि ‘मुगाचं कढण’ लिहिलं. घरचा शब्द, घरचा पदार्थ. मला त्याचा भारी अभिमान.

म्हणून मी काकांना शब्दच समजावायला बसले. “काका, संस्कृतात क्वाथ म्हणजे उकळून काढलेला अर्क. त्याच घराण्यातले काढा, कढी आणि हे कढण. मूग शिजवायचे, वरचं पाणी गाळून घ्यायचं, झालं. यात बाईचं-पुरुषाचं काही नाही.”

“संस्कृत असू द्या, मॅडम. आमच्या घरी बाळंतिणीलेच देतात. गावात कळलं तं लोक बारशाले येतील!”

राउंडला आलेले डॉक्टर सर म्हणाले, “तोंडानं काही गेलं नाही तर रविवार विसरा.” काका भिंतीकडे तोंड करून पडले. मला खरंच वाईट वाटलं.

कॉटशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, पार्वताकाकूंनी, वाटी उचलली. “म्या तीन बाळंतपणं याच कढणावर काढली. सव्वा महिन्यात तुमच्यासंगं वावरात तण निंदाले उभी होती. तुमचं तं एक आतडंच शिवलं. काऊन लाजून राह्यले?”

काका उठून बसले. वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. “मीठ कमी हाये,” एवढंच बोलले.

शनिवारी सुट्टी झाली. साक्षगंधात काका पूर्ण वेळ खुर्चीत बसून होते, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

आता चार्ट लिहिण्याआधी मी पुरुष पेशंटना विचारते, “तुमच्या घरी हे कोणाला देतात?” उत्तर ‘बाळंतिणीला’ आलं, तर शब्द कुठून आला ते सांगत बसत नाही. सरळ बायकोला बोलावते.