थर्झा हॅडलीचं खरं बोलणं

थर्झा हॅडली आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. यात मोठंसं काही नाही, आयोवातल्या आमच्या क्वेकर पंथाच्या वस्तीत कुणीच बोलत नसे, निदान तसा आमचा समज होता. शपथ घ्यायची नाही, हात उगारायचा नाही, राजा आला तरी त्याला अरेतुरेच करायचं आणि डोक्यावरची टोपी देवाखेरीज कुणापुढे काढायची नाही. गुलामगिरी चालणाऱ्या मिसुरीची हद्द जवळच. तिकडून पळून आलेले गुलाम आमच्या माळ्यांवर लपायचे आणि संधी साधून पुढच्या वस्तीवर पोचवले जायचे. पकडणारे दारात येऊन "इथे गुलाम आहे का?" म्हणून दरडावायला लागले, की शांतपणे सांगायचं, "आम्ही कुणालाच गुलाम मानत नाही, तेव्हा इथे गुलाम कुठून असणार?" धड खोटं नाही, धड खरं नाही. आणि या चलाखीचा आम्हाला केवढा तोरा!

थर्झा या कामात पटाईत होती. नवरा एनॉस गाडी जुंपून द्यायचा, बाकी सगळं तीच निभवायची. त्या हिवाळ्यात तिच्या माळ्यावर आयशम नावाचा माणूस होता. त्याची बायको लेथा आधीच कॅनडात पोचली होती. याचा पाय वाटेत मुरगळला म्हणून हा मागे राहिला. आता पाय बरा झाला होता आणि त्याच्या डोक्यात लेथाखेरीज दुसरा विषय नव्हता.

उत्तरेकडच्या मोठ्या प्रार्थनासभेला आमच्या सगळ्यांच्या गाड्या एकामागून एक निघायच्या. त्यातच भर दिवसा आयशमला न्यायचं थर्झानं ठरवलं. एनॉस घरी राहणार आणि त्याच्या जागी हा बसणार. तिनं त्याला एनॉसचा करडा कोट चढवला, हातमोजे दिले, दाढ सुजल्यासारखं हनुवटीपासून डोक्यावर फडकं बांधलं, नाकापर्यंत गळपट्टा गुंडाळला आणि वर एनॉसची रुंद काठाची टोपी घातली. साहेब म्हणायचं नाही, नजर खाली घालायची नाही, पाठ ताठ ठेवायची, असं दोन दिवस घोकून घेतलं.

"इतका ताठ बसलो तर माझी पाठसुद्धा मला ओळखायची नाही, बाईसाहेब," आयशम म्हणाला.

"बाईसाहेब नाही. थर्झा म्हण."

ते मात्र त्याला काही केल्या जमेना. आणि एक गोष्ट शिकवायची राहूनच गेली. तिच्या बापानं, भावांनी, नवऱ्यानं कधी कुणापुढे टोपी काढली नव्हती. जे जन्मात पाहिलं नाही ते करू नकोस, असं सांगायचं कुणाला सुचणार?

वाटेतल्या पुलावर रफस टॅगर्ट उभा होता. पळालेली माणसं पकडून देण्यावरच त्याचं पोट चालायचं. बाई दिसली म्हणून त्यानं रिवाजाप्रमाणे टोपी उचलली, आणि आयशमचा हात आपसूक वर गेला. जन्मभर अंगवळणी पडलेलं ते. टोपी छातीशी आली, लगेच परत डोक्यावर गेली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

टॅगर्ट गाडीला टेकून उभा राहिला. "इतकी वर्षं तुम्हा लोकांना टोपी उचलतोय. आज पहिल्यांदा कुणी परतफेड केली."

तरी त्याची खात्री पटली नव्हती. वस्तीतल्या शेतकऱ्याच्या अंगाला सगळ्यांदेखत हात लावायचा म्हणजे चूक निघाली तर अंगाशी आलं असतं. तो अदबीनं म्हणाला, "हॅडलीबाई, तुमची माणसं खोटं बोलत नाहीत. हा तुमचा नवराच ना? हो म्हणा, मी बाजूला होतो."

हो. एवढंच म्हणायचं होतं. आयशम तिच्याकडे बघत होता. थर्झाची जीभ वळली ती जन्मभराच्या सवयीनंच. "कोट एनॉसचा आहे," ती म्हणाली. "टोपीही एनॉसचीच."

"कोटाचं नाही विचारलं," टॅगर्ट म्हणाला आणि त्यानं गळपट्टा ओढला.

मागच्या गाड्यांतली आमची धट्टीकट्टी माणसं प्रार्थना करत बसून राहिली. हात उगारायचा नाही ना! आयशमच्या मनगटांना दोर बांधला गेला तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "एकच शब्द होता, थर्झा."

वसंत यायच्या आत त्याला दक्षिणेत कापसाच्या मुलखात विकलं. कुठे, ते कधीच कळलं नाही.

आणि आमच्या सभेनं काय करावं? थर्झाला डोक्यावर घेतलं! बार्नाबस स्टाउट हा आमच्यातला वडीलधारा. तो उभा राहून म्हणाला, की मोहाच्या क्षणीही हिनं सत्य सोडलं नाही. बायकांनी तिचे हात दाबले. ती घरी आली आणि परसात जाऊन ओकली.

पुढच्या वेळी टॅगर्ट दारात आला तेव्हा माळ्यावर एक बाई आणि तिची तान्ही मुलगी होती.

"घरात कुणी आहे?"

"कुणी नाही."

"अगदी खरं?"

"मी खोटं बोलत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

टॅगर्ट टोपी उचलून निघून गेला. आयशमला घालवून मिळालेली पत ती आता मोडून खात होती, आणि ते तिला प्रत्येक वेळी टोचायचं. तरी ती खोटं बोलत राहिली. कितीतरी माणसं पार झाली. शेवटी गोष्ट फुटली आणि बार्नाबस सभेतल्या आणखी दोघांना घेऊन तिच्या घरी आला.

"थर्झा, तू खोटं बोललीस?"

"बोलले. डोळ्यांत डोळे घालून."

"चूक झाली एवढं सभेत म्हण. विषय संपेल."

"चूक पुलावर झाली," थर्झा म्हणाली. "मी माझा आत्मा स्वच्छ ठेवला आणि त्याच्या पायी तो माणूस विकला गेला. तेव्हा तू उभा राहून माझं कौतुक केलंस, बार्नाबस. आता मळू दे माझा आत्मा."

सभेनं तिला काढून टाकलं. कारण सांगितलं, असत्य भाषण. त्या दिवशी एनॉसही बाकावर बसला होता. आमच्यात आतून देवाचा आवाज आल्याशिवाय सभेत कुणी बोलत नाही, आणि त्या दिवशी तिच्या बाजूनं बोलायला तो कुणालाच आला नाही.