मराठी बोलेल त्याच्याबरोबर जायचं

मुलगी शाळेच्या बसने जायला लागली तेव्हा मी तिला एक नियम घालून दिला. कुणीही येऊन "बेटा, मम्मी ने बुलाया है" म्हणालं, तर त्याला सांगायचं, मराठीत बोला. बोलता आलं तर आपला माणूस, नाहीतर जोरात ओरडायचं. नोएडातल्या आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये मराठी घरं मोजून तीन, त्यामुळे हा नियम मला पक्क्या कुलपासारखा वाटायचा. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी तो इतर बायकांनाही ऐटीत सांगितला होता. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मुलं हरवल्याच्या बातम्या त्या दिवसांत सारख्या कानावर यायच्या. अशाच एका रविवारी मॉलमध्ये, लहान मुलांच्या खेळण्यांशेजारी, कुठल्याशा संस्थेचं टेबल दिसलं. मुलांचं ओळखपत्र, मोफत. मूल हरवलंच तर पोलिसांना द्यायला फोटो, बोटांचे ठसे, सगळं तयार. मी पुढे निघालेच होते. सरकारी नोकरीतली बाई मी, सही-शिक्का नसलेला कागद ऑफिसात हातातही घेत नाही. पण लेक आइस्क्रीमसाठी हटून बसली, मी तिला मराठीत दटावलं, आणि टेबलामागची तरुण मुलगी एकदम म्हणाली, "अय्या ताई, तुम्ही मराठी? मी सोलापूरची!"

संपलं. दिल्लीत अनोळखी तोंडून मराठी ऐकलं की आम्ही लोक असे काही विरघळतो की विचारू नका. शेंगदाण्याच्या चटणीचा विषय निघाला, दिल्लीत मुनिरका भागातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत पाणी कसं येत नाही ते निघालं, आणि बोलता बोलता मी फॉर्म भरून मोकळी. शाळा, इयत्ता, बसचा नंबर, बस कुठे थांबते, किती वाजता, उतरवून घ्यायला कोण येतं. हनुवटीखालचा व्रण. घरी लाडाने काय हाक मारता, हेसुद्धा. परक्याला अंगाला हात लावू न देणारी माझी लेक, त्या मुलीने "ये गं राणी" म्हणताच दहाही बोटं पुढे करून बसली. मला लेकीचं कौतुक वाटलं.

ओळखपत्र आठ दिवसांत घरपोच येणार होतं. महिना झाला तरी आलं नाही. नवऱ्याने विचारलं, "अगं, संस्थेचं नाव काय होतं?" मला आठवेना. ती मुलगी सोलापुरात कुठल्या शाळेत होती ते मात्र आठवत होतं.

तिने चिठ्ठीवर लिहून दिलेला मोबाइल बंद. मॉलवाले म्हणाले, "मॅडम, वो तो एक दिन की बुकिंग थी।" पोलीस चौकीतल्या माणसाने शांतपणे विचारलं, "बच्ची घर पे है?"

"है।"

"तो कंप्लेंट किस बात की लिखूँ?"

त्याचं तरी काय चुकलं? काही झालंच नव्हतं. कदाचित ती माणसं भलीच असतील, पैसे संपले असतील, फॉर्म कुठल्यातरी कपाटात धूळ खात पडले असतील. कदाचित नसतील. मला हे कधीच कळणार नव्हतं, आणि त्यानेच माझी झोप उडाली. मी नवऱ्यावर ओरडले, बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग लेकीला समोर बसवून नियम बदलला. कुणी मराठीत बोललं तरी जायचं नाही. घरातल्या नावाने हाक मारली तर मुळीच नाही.

"पण तूच तर म्हणाली होतीस," ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसले.

रोज अर्धी रजा टाकून मीच बसपाशी उभी राहायला लागले. रजा संपत आल्या तेव्हा साताऱ्याहून बाबांना बोलावून घेतलं. त्यांची गाडी सकाळी यायची ती दुपारी आली. मी ऑफिसात अडकलेली, म्हणून फोनवर त्यांना म्हटलं, सामान टाका आणि तसेच बसपाशी जा.

बस आली. बाबांनी तिला लाडाच्या नावाने हाक मारली, "ये बाळा, आजोबा आलेत." तिने सीटचा दांडा घट्ट धरला आणि किंचाळायला लागली, "मुझे नहीं जाना! मैं इनको नहीं जानती!" लोक जमले. कुणीतरी बाबांची कॉलर धरली. ड्रायव्हरने बस वळवून परत शाळेत नेली, आणि बाबा रिक्षा करून मागोमाग गेले.

मी पोचले तेव्हा ते शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. मी आधी आत गेले. लेक बिस्किट खात होती.

"अगं, आजोबांना ओळखलं नाहीस? उन्हाळ्यात महिनाभर त्यांच्याकडे होतीस ना?"

"ओळखलं ना, लगेच," ती म्हणाली. "पण ते मराठीत बोलत होते."

दार उघडंच होतं. बाबांनी ते ऐकलं.