पाच पायांचे हत्ती

हुबळीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात संगणकावर चित्रं काढायचं ग्राफिक्स टर्मिनल आलं, तेव्हा मथुरा तिथे ट्रेसर होती. दुसऱ्यांची ड्रॉइंगं शाईनं गिरवण्यात तिची कितीतरी वर्षं गेली होती. विभागप्रमुख वादिराजसरांनी तिलाच टर्मिनलवर बसवलं.

कीबोर्डाशेजारी दोन छोटी चाकं होती. एक फिरवलं की पडद्यावरची उभी रेघ सरकायची, दुसरं फिरवलं की आडवी. दोन्ही जिथे छेदतील तिथे बटण दाबायचं, मग पुढचा बिंदू, की मधे सर्रकन हिरवी रेघ. ना शाई सांडायची भीती, ना वाळायची वाट. खोड एकच. काढलेली एकटी रेघ पुसता येत नसे. पुसायचा तर अख्खा पडदा, आणि तेव्हा तो विजेसारखा हिरवा लखलखायचा. पहिल्या दिवशी मथुरा उगाचच पडदा पुसत बसली आणि एकटीच हसत राहिली.

तिची थोरली बहीण अंबूताई जुन्या हुबळीत राहायची आणि साड्यांवर कसूतीचं भरतकाम करायची. लेकीच्या, मालतीच्या, लग्नाची इरकली साडी तिच्याकडे भरायला होती. कसूती म्हणजे सगळ्या बारक्या सरळ रेघा, आणि मथुराच्या यंत्रालाही तेच जमायचं. जेवणाच्या सुट्टीत तिनं अंबारीचा हत्ती काढला. सरांनी प्रोग्रॅम लिहून दिला, आणि एका हत्तीमागोमाग पडदाभर हत्तींची रांग धावत गेली. मथुराला खुर्चीत बसवेना. टांगा करून ती अंबूताईला, आपल्या अक्काला, घेऊनच आली.

अंबूताई पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"मथे, ह्याला पाच पाय आहेत गं."

खरंच होते. चाक फिरवताना एक पाय जास्तीचा पडला होता, आणि यंत्रानं तो इमानानं प्रत्येक हत्तीला दिला होता. मथुराचा चेहरा उतरला. सर म्हणाले, पुसून पुन्हा काढू. मथुराचा हात बटणाकडे गेला, तो अक्कानं धरला.

"पुसू नको. चार पायांचा नुसता उभा असतो. हा बघ कसा चाललाय."

मथुरानं पुन्हा पाहिलं, आणि हत्ती खरोखरच चालायला लागले.

कागदावर छापणारं यंत्र आलंच नव्हतं. मग मथुरानं काचेवर ट्रेसिंग पेपर धरला, अक्कानं कोपरे दाबले. थोड्या वेळानं चित्र आपोआप मंद व्हायचं, कळ दाबली की पुन्हा उजळायचं. ते काम सरांकडे आलं. दिवा मालवलेल्या खोलीत तिघं दाटीवाटीनं उभी, आणि कुणीतरी "आता सोंड" म्हटलं की तिघांनाही हसू आवरेना. हसण्यानं कागद हलायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

लग्नात मुलं मालतीच्या पदरामागे, त्यावर भरलेल्या हत्तींचे पाय मोजत फिरली. धारवाडच्या विहीणबाईंनी पदर हातात घेऊन स्वतः मोजले आणि अंबूताईकडे पाहिलं. अंबूताईनं शांतपणे सांगितलं की हे चालते हत्ती आहेत, मुलीबरोबर धारवाडला निघालेत. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. डोळे पुसत त्यांनी स्वतःच्या साडीवरही तेच भरून मागितले, आणि मथुरानं त्या आनंदात तीन होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, तुपात बुडवून खाल्ल्या.